क्लोद बोलिंग कसा ऐकायचा, आणि हाताशी पियानो-फ्लूट असेल तर कसा वाजवायचा

माझ्याकडे पियानो शिकायला येणाऱ्या मुलांपैकी एखादं तरी दर वर्षी विचारतंच की सर, जॅझ ऐकायचंय पण काही कळत नाही, सुरुवात कुठून करू, आणि मी दर वेळी एकच नाव सांगतो, क्लोद बोलिंग, फ्रान्सचा जॅझ पियानिस्ट आणि संगीतकार. मग ते नाव कसं शोधायचं इथपासून प्रश्न सुरू होतात, म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहूनच काढावं. हे ज्यांना वेस्टर्न क्लासिकल थोडंफार माहीत आहे पण जॅझ नाही त्यांच्यासाठी, ज्यांना जॅझ आवडतं पण बाख, म्हणजे अठराव्या शतकातला तो जर्मन संगीतकार, म्हटलं की झोप येते त्यांच्यासाठी, आणि ज्यांना दोन्हीतलं काहीच माहीत नाही पण कान तयार आहेत त्यांच्यासाठी तर खास करून आहे.

आधी नावाचं. इंग्रजी अक्षरांत शोधताना आडनावात एल दोनदा लिहा आणि डब्ल्यू अजिबात नको, नाहीतर बॉल फेकून बाटल्या पाडण्याचा खेळ समोर येतो आणि माणूस कंटाळून फोन ठेवून देतो. नावापुढे सुइट फॉर फ्लूट अँड जॅझ पियानो असं टाका, पहिल्या दोन-चार निकालांतच सापडेल. सुइट म्हणजे बऱ्याच भागांची मिळून एक रचना. जुन्या रेकॉर्डचं कव्हर बघा, त्यावर रॉजर ह्युसेनने काढलेलं चित्र आहे, एक पियानो आणि एक फ्लूट चक्क एका पलंगावर. ते कव्हर दिसलं म्हणजे तुम्ही बरोबर ठिकाणी आलात, कारण ह्या सुइटची रेकॉर्डिंग्ज नंतर खूप जणांनी केली आहेत आणि त्यातली काही चांगलीही आहेत, पण पहिल्यांदा ऐकताना मूळचंच ऐकायचं. त्यात फ्लूट ज्याँ-पिएर रांपालची, पियानो स्वतः बोलिंगचा, बासवर, म्हणजे खालचे सूर देणाऱ्या मोठ्या उभ्या तंतुवाद्यावर, माक्स एदिगेर आणि ड्रम्सवर मार्सेल साबियानी.

आता पहिला भाग लावा, नाव बारोक अँड ब्लू, बारोक म्हणजे बाखच्या काळचं संगीत. जेमतेम पाच मिनिटांचा आहे. हा एकदा ऐकून सोडायचा नाही, सलग तीनदा ऐकायचा, आणि प्रत्येक वेळी कान वेगळ्या ठिकाणी ठेवायचा.

पहिल्या वेळी फक्त फ्लूट. बाकी काय चाललंय ते चालू दे, तुम्ही फ्लूटचं बोट सोडू नका. तुमच्या लक्षात येईल की फ्लूट वाजवणारा माणूस अगदी सरळ, नीटनेटका, अठराव्या शतकातल्या दरबारात उभं राहून वाजवावं तसा वाजवतोय, छोटे छोटे सूर सारख्या मापाचे, मुरक्या जागच्या जागी. मधेच त्याच्याभोवतीचं सगळं वातावरण बदलतं, बास चालायला लागतो, ड्रम्सवर झांज टिकटिकायला लागते, तरी हा आपल्या तालात, आपल्या कपड्यांत.

दुसऱ्या वेळी फक्त पियानो, आणि त्यातही डावा हात. सुरुवातीला तो फ्लूटच्या मागे मागे बाखसारखा धावतो, एकाने ओळ म्हटली की दुसऱ्याने तीच उचलायची. आणि मग एका क्षणी तोच पियानो एकदम खांदे सैल सोडतो आणि झुलायला लागतो. ती जागा सापडेपर्यंत मागे-पुढे करून ऐका. मला स्वतःला ती जागा पहिल्यांदा सापडली तेव्हा मी पुढचं न ऐकता तेवढाच तुकडा दहा वेळा लावला होता.

तिसऱ्या वेळी दोघांमधली देवाणघेवाण. कोण कोणाला जागा करून देतो, कोण थांबतो, कोण परत येतो. आपल्याकडे जुगलबंदी ऐकणाऱ्या माणसाला हे शिकवावं लागत नाही, कान आपोआप तिकडेच जातो, फक्त इथे एक फरक लक्षात ठेवायचा की फ्लूटवाल्याचा एकेक सूर कागदावर लिहिलेला आहे, तो ऐन वेळी काही सुचवून वाजवत नाहीये.

बोलिंगबद्दल कोणीही लिहिलं की दोन संगीतांचं मिश्रण, फ्यूजन, सरमिसळ असे शब्द येतात आणि ते मला पटत नाहीत, कारण ह्या माणसाने मिसळलेलं काहीच नाही. क्लासिकल वाजवणाऱ्याला त्याने जॅझ वाजवायला लावलं नाही आणि स्वतःच्या जॅझला टाय-कोट घातला नाही. दोघांना शेजारी शेजारी बसवलं, मध्ये एक सामायिक भिंत ठेवली, आणि त्या भिंतीवरून जे बोलणं चालतं तेच संगीत. त्यामुळे ऐकताना हे क्लासिकल आहे की जॅझ असा प्रश्न घेऊन बसाल तर हाती काही लागणार नाही, ह्या क्षणी बोलतंय कोण आणि ऐकतंय कोण एवढंच विचारा.

हे असं का झालं ते कळायला त्याचं आयुष्य थोडं माहीत पाहिजे, फार नाही. जन्म 10 एप्रिल 1930, दक्षिण फ्रान्समधलं कान, तेच फिल्म फेस्टिव्हलवालं. शिक्षण नीस आणि पॅरिसमध्ये. 1944 च्या ऑगस्टमध्ये पॅरिस जर्मनांच्या ताब्यातून सुटलं तेव्हा हा पोरगा चौदा वर्षांचा, आणि अमेरिकन सैन्याबरोबर अमेरिकन जॅझ फ्रान्समध्ये धो धो यायला लागलं. त्या वयातच तो जॅझ पियानो वाजवत होता, पोरवयातच त्याची गणना चमत्कारात व्हायला लागली होती, आणि अठराव्या वर्षी पहिली रेकॉर्ड. पुढे लायोनेल हॅम्प्टन, रॉय एल्ड्रिज, केनी क्लार्क ह्या अमेरिकेतल्या मोठमोठ्या मंडळींबरोबर त्याने वाजवलं. पण त्याच वेळी हार्मनी, म्हणजे सुरांना एकत्र जोडायचं शास्त्र, शिकायला तो मोरिस द्युरुफ्लेकडे गेला, आणि द्युरुफ्ले म्हणजे चर्चचं ऑर्गन वाजवणारा, एकेक रचना वर्षानुवर्षं घासूनपुसून लिहिणारा माणूस. म्हणजे रात्री क्लबातला धूर आणि दिवसा हार्मनीच्या वह्या. दोन्ही शिक्षणं खरी, दोन्हीकडे घाम गाळलेला, म्हणूनच त्याला एकाने दुसऱ्याची नक्कल करायची गरज पडली नाही असं मला मनापासून वाटतं.

त्याचा देव मात्र एकच होता, अमेरिकन जॅझ संगीतकार आणि बँडवाला ड्यूक एलिंग्टन. इतका की फ्रेंच लेखक आणि ट्रम्पेटवादक बोरिस व्हियानने त्याचं नावच बोलिंग्टन ठेवलं. आणि ही नुसती लांबून केलेली भक्ती नव्हती, पुढे दोघांची चांगली दोस्ती झाली. एलिंग्टनची ब्लॅक, ब्राउन अँड बेज ही मोठी रचना, जी एलिंग्टनने 1943 च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये पहिल्यांदा सादर केली, ती बोलिंगने आपल्या बिग बँडकडून वाजवून घेतली आणि रेकॉर्ड केली. हा बिग बँड त्याने 1950 च्या दशकात उभा केला आणि अनेक दशकं चालवला. बाकी दुनिया रॉक, पॉप, सिंथेसायझर करत कुठल्या कुठे गेली, हा आपला पंधरा-सोळा माणसं घेऊन एलिंग्टनच्या थाटातलं स्विंग, म्हणजे झुलत्या तालाचं जॅझ, वाजवतोय. सुइट ऐकून झाली की ह्या बँडचं काहीतरी जरूर ऐका, म्हणजे त्याच्या पियानोचा डावा हात कुठून आलाय ते कळेल.

मधल्या काळात पोटापाण्याचं काम भरपूर. फ्रेंच पॉपमध्ये त्याने ब्रिजित बार्दो, ज्युलिएत ग्रेको अशांसाठी काम केलं, 1960 च्या दशकात ले पारिझिएन नावाचा चार मुलींचा ग्रुप उभा केला, त्यांची गाणी आजही ऐकली की खिडकी उघडल्यासारखं वाटतं. शंभरच्या वर सिनेमांना संगीत. त्यातला एक तरी बघाच, बोर्सालिनो, 1970 चा, दिग्दर्शक जाक देरे, आणि पडद्यावर आलाँ देलाँ आणि ज्याँ-पॉल बेल्माँदो दोघं एकत्र. 1930 च्या सुमाराच्या मार्सेईतले दोन गुंड. त्याचं थीम म्युझिक पियानोवर आहे, जुन्या दारूच्या गुत्त्यात कोपऱ्यात ठेवलेल्या जरा बेसूर पियानोचा असतो ना तसा आवाज, आणि एकदा ऐकलं की दिवसभर डोक्यातून जात नाही. फ्रान्समधल्या जुन्या लोकांना बोलिंग माहीत आहे तो ह्याच्यामुळे, किंवा ले ब्रिगाद द्यू तिग्र ह्या टीव्ही मालिकेच्या गाण्यामुळे, किंवा लकी लूक ह्या काउबॉयच्या कार्टून सिनेमांमुळे. अमेरिकेतल्या लोकांना माहीत आहे तो सुइटमुळे. एकाच माणसाची दोन देशांत दोन वेगळी ओळख, गंमत आहे.

सुइटची गोष्ट अशी. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला बोलिंगने सोनाटा फॉर टू पियानिस्ट्स अशी एक रचना लिहिली, नावात पियानो नाही, पियानिस्ट आहे ते बघा, म्हणजे दोन वाद्यं नव्हेत, दोन माणसं, एक क्लासिकल आणि एक जॅझ. क्लासिकल बाजूला ज्याँ-बेर्नार पोमिए आणि जॅझच्या बाजूला बोलिंग स्वतः. ते रांपालच्या कानावर गेलं आणि त्याने म्हटलं माझ्यासाठीही असं काहीतरी लिही. रांपाल म्हणजे तेव्हाचा जगातला सगळ्यात नावाजलेला फ्लूटवादक, मार्सेईचा, वडीलही फ्लूटचेच शिक्षक, आणि हा स्वतः आधी डॉक्टरकी शिकायला गेलेला. त्याच्याकडे सोन्याची फ्लूट होती, आणि ती नुसती मिरवायची म्हणून नाही, तिच्यावर तो खरंच वाजवायचा. आपल्या लोकांना त्याची अजून एक ओळख सांगतो, ह्याच रांपालने 1970 च्या दशकात पंडित रविशंकरांबरोबर रेकॉर्डिंग केलं आहे, तबल्यावर उस्ताद अल्लारखाँ. म्हणजे शेजाऱ्याच्या घरात जाऊन बसायची ह्या माणसाला हौसच.

सुइट 1973 मध्ये लिहून झाली, अमेरिकेत रेकॉर्ड 1975 मध्ये आली, आणि मग जे झालं ते कोणालाच अपेक्षित नसणार. बिलबोर्ड ह्या अमेरिकन मासिकाच्या क्लासिकल रेकॉर्डच्या यादीत ती 530 आठवडे राहिली. हिशोब करून बघा, दहा वर्षांच्या वर होतात. ग्रॅमीचं नॉमिनेशनही मिळालं. अमेरिकेतल्या म्युझिक कॉलेजांत फ्लूट शिकणाऱ्या पोरांनी तर ती तोंडपाठच केली.

तर मुद्द्यावर येतो, सुइटचे एकूण सात भाग आहेत आणि ते कसे ऐकायचे. सगळे एका बैठकीत ऐकले तर पाऊण तासही लागत नाही, पण पहिल्यांदा तसं करू नका, एका दिवशी दोन पुरे.

बारोक अँड ब्लू झाला. दुसरा साँतीमाँताल, सगळ्यात लांबलचक आणि माझ्या मते सगळ्यात सुंदर. पियानो एकटाच सुरू करतो, रात्री उशिरा घरी कोणी नसताना वाजवावं तसा. हा भाग दिवसा ऐकू नका, खरंच सांगतो, कामाच्या गडबडीत ऐकलात तर हॉटेलच्या लॉबीतलं संगीत वाटेल आणि रात्री दिवा बारीक करून ऐकलात तर वेगळंच काहीतरी वाटेल. फ्लूट आली की तिचा श्वास ऐका, रांपाल लांब ओळ एका श्वासात किती लांब नेतो आणि कुठे सोडतो ते.

तिसरा जाव्हानेझ आणि चौथा फ्युगास. फ्युगासच्या नावात श्लेष आहे, फ्रेंचमध्ये ह्या शब्दाचा अर्थ क्षणात निघून जाणारं, आणि कानाला त्यात फ्यूग ऐकू येतो. फ्यूग म्हणजे एकाने विषय मांडायचा, तो संपायच्या आत दुसऱ्याने तोच विषय वेगळ्या सुरावरून उचलायचा, मग तिसऱ्याने. इथे बोटाने मोजत बसा, विषय परत कधी आला, कोणाकडे आला. बासकडेही लक्ष असू द्या. हा भाग ऐकताना माझ्याकडची मुलं हमखास हसतात, कारण पाठशिवणी चालली आहे हे त्यांना लगेच कळतं, त्यांना फ्यूगची व्याख्या सांगावीच लागत नाही.

पाचवा इर्लांदेझ, म्हणजे आयर्लंडचा, अंगाईसारखा, ह्याच्यावर काही बोलायचं नाही, ऐकायचा. सहावा व्हेर्सातील, ह्यात रांपाल नेहमीची फ्लूट ठेवून बास फ्लूट घेतो, नेहमीच्या फ्लूटपेक्षा एक सप्तक खाली, आवाज जाड, धुरकट, फुंकरीसकट ऐकू येणारा. आपल्याकडे पन्नालाल घोषांनी लांब बासरी आणली आणि खर्जाचा आवाज बासरीला मिळाला, तो आवाज ज्यांच्या कानात आहे त्यांना ही बास फ्लूट परकी वाटणार नाही. सातवा व्हेलोस, म्हणजे जलद, आणि तो खरंच पळतो.

ऐकताना एक गोष्ट कानाला खटकेल, ती मुद्दाम सांगून ठेवतो. पियानो जॅझमध्ये शिरला की गांधार मधेच कोमल आणि मधेच शुद्ध लागतो, कधी दोन्ही एकमेकांना घासून. चुकलं असं समजू नका, ब्लूजचा, म्हणजे जॅझच्या मुळाशी असलेल्या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या गाण्याचा, तो जीव आहे. जोग राग ऐकलेल्या माणसाला दोन गांधारांची सवय असते, त्याला हे पटकन पचतं. राग म्हणून काही संबंध नाही, उगाच तिथे जोग शोधू नका, फक्त दोन गांधार एकाच घरात नांदू शकतात एवढी ओळख त्यातून मिळते.

इथपर्यंत आलात आणि आवडलं, तर पुढे काय. ह्या सुइटच्या यशानंतर बोलिंगकडे मोठमोठ्या क्लासिकल कलाकारांची रांग लागली आणि त्याने प्रत्येकासाठी त्याच्या वाद्याच्या स्वभावाचं लिहिलं. गिटारवाला अलेक्सांद्र लागोया, त्याच्यासाठी 1975 मध्ये काँचेर्तो, त्याचा पहिला भाग हिस्पॅनिक डान्स. व्हायोलिनसाठी पिंकस झुकरमन, 1977, त्यातला रॅगटाइम, म्हणजे जॅझच्या आधीची उड्या मारत चालणारी अमेरिकन पियानोची शैली, ऐकाच, व्हायोलिनवर रॅगटाइम ऐकायला इतका मजेदार वाटेल असं मला वाटलं नव्हतं. 1980 मध्ये पिकनिक सुइट, त्यात रांपाल आणि लागोया दोघं एकत्र. मग ट्रम्पेटवाला मोरिस आंद्रे, हा पोरवयात वडिलांसारखाच कोळशाच्या खाणीत कामाला होता आणि पुढे जगातला सर्वात मोठा क्लासिकल ट्रम्पेटवादक झाला, त्याच्यासाठीच्या रचनेचं नाव टूट सुइट, फ्रेंचमध्ये ताबडतोब म्हणायला जो शब्द आहे त्यावरचा खेळ, आणि त्यात आंद्रे भागागणिक वाद्य बदलतो, कधी पिकोलो ट्रम्पेट, कधी कॉर्नेट, कधी फ्ल्यूगलहॉर्न. आणि 1984 मध्ये चेलोसाठी यो-यो मा, तेव्हा तो जेमतेम अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांचा.

माझं प्रामाणिक मत विचाराल तर सगळ्या एका दमात ऐकू नका. साचा कळतो. क्लासिकल ओळ, मग स्विंग, मग परत क्लासिकल ओळ, तिसऱ्या रेकॉर्डपर्यंत पुढे काय येणार ते कान आधीच सांगायला लागतो आणि मग त्या माणसावर अन्याय होतो. फ्लूटनंतर थेट चेलोवर जा, कारण चेलोचा आवाज खालचा असल्यामुळे पियानोला वेगळं वागावं लागलंय, जागा जास्त सोडावी लागली आहे, आणि यो-यो मा त्या जागेत अगदी आरामात पाय पसरून बसतो. गिटारचं त्यानंतर महिन्याभराने ऐकलं तरी चालेल.

आणि मध्ये एकदा जाक लुसिए ऐका, नाहीतर बोलिंगचं वेगळेपण कळणार नाही. लुसिए पण फ्रेंच आणि पियानिस्टच, बोलिंगपेक्षा चार वर्षांनी लहान, आणि 1959 मध्ये त्याने प्ले बाख नावाचं त्रिकूट काढलं, बासवर पिएर मिशलो, ड्रम्सवर क्रिस्तियाँ गारोस. त्याने काय केलं तर बाखचीच रचना घेतली आणि ती जॅझमध्ये फिरवली. म्हणजे घर बाखचं, राहायला आला जॅझ. बोलिंगकडे बाखचं काहीच नाही, सगळं नवीन लिहिलेलं, फक्त त्यातला एक शेजारी बाखच्या गावचा. दोघांचं एकेक एकामागून एक ऐकलंत तर हे पाच मिनिटांत कळतं, मी इथे कितीही लिहिलं तरी तितकं कळणार नाही.

आता वाजवणाऱ्यांसाठी. ऐकणारे इथे थांबले तरी चालेल, पण वाचलंत तर ऐकण्यातही फरक पडेल.

पहिली भीती सगळ्यांची हीच की मला इम्प्रोव्हाइज करता येत नाही, म्हणजे ऐन वेळी सुचेल ते वाजवता येत नाही. गरज नाही. पियानोचा भाग पूर्ण लिहिलेला आहे, सोलो वाटतात तेसुद्धा, त्यामुळे नोटेशन वाचता येणारा कोणीही क्लासिकल पियानिस्ट हे वाजवू शकतो. अडचण सुरांची नाही, झोक्याची आहे. कागदावर दोन आठव्या मात्रा, म्हणजे एट्थ नोट्स, एका मात्रेतले दोन सूर, सारख्या दिसतात पण स्विंगमध्ये पहिली लांब आणि दुसरी आखूड. हे कसं बसवायचं तर एका मात्रेचे तीन तुकडे करा, तोंडाने एक-दोन-तीन म्हणा, पहिला सूर एकवर, दुसरा सूर तीनवर, दोनवर काहीच नाही. दादरा ऐकून तिनाची चाल अंगात भिनलेल्या माणसाला हे सोपं जातं. हळू लयीत असंच करा, लय वाढली की हा लांब-आखूड फरक आपोआप कमी होतो, तेव्हा तो ओढूनताणून ठेवू नका नाहीतर लंगडल्यासारखं वाजतं.

मेट्रोनोम लावायचा तर एक आणि तीनवर नाही, दोन आणि चारवर टिकटिक आली पाहिजे. चाळीसच्या आसपास लावा, त्या टिकटिकीला दोन आणि चार समजा, आणि मधले एक आणि तीन स्वतः भरा. आपल्याला समेवर टाळी द्यायची लहानपणापासूनची सवय असते, त्यामुळे पहिला आठवडा हे उलटंच होतं आणि डोकं भणभणतं. चिडू नका. पियानो न वाजवता नुसतं चालताना करा, टाळी दुसऱ्या आणि चौथ्या पावलावर.

आणि मग सगळ्यात महत्त्वाचं, ह्याच पियानोवाल्याला दोन पानं मागे सरळ, सारख्या मापाच्या मात्रा वाजवायच्या आहेत. बहुतेक जण इथे घसरतात. एकदा झोका अंगात शिरला की बारोक ओळीही झुलायला लागतात आणि मग दोन्ही शेजाऱ्यांचं एकच घर होऊन जातं, सगळं कोमट. म्हणून सराव करताना जिथे सरळ संपतं आणि झोका सुरू होतो त्या जागेच्या आधीचे दोन आणि नंतरचे दोन असे चार बार वेगळे काढा आणि तेवढेच वीस-वीस वेळा वाजवा, आणि परत उलटं, झोक्यातून सरळ. अख्खा भाग वाजवत बसण्यापेक्षा ह्या उंबरठ्यांवर वेळ घाला. मी पेन्सिलने तिथे आडवी रेघ मारून ठेवायला सांगतो.

डाव्या हाताला स्ट्राइड लागतो, म्हणजे पहिल्या मात्रेला खालचा बास आणि दुसऱ्या मात्रेला वर उडी मारून कॉर्ड. उडी मारताना हाताकडे बघायची सवय लागली की डोळे नोटेशनवरून उडतात. म्हणून नुसता डावा हात, डोळे मिटून, हळू. चुका होतील, होऊ द्या. रोज दहा मिनिटं केलं तर महिन्याभरात हाताला अंतर कळायला लागतं.

फ्लूटवाल्यांनो, तुमच्यासाठी उलटा सल्ला. झुलू नका. पियानो झुलतोय, बास झुलतोय, ड्रम्स झुलतात, आणि तुमच्याही अंगात येतं, कळतं मला, पण तुम्ही सरळ राहिलात तरच त्यांचं झुलणं दिसतं. रांपालचं ऐका, तो कुठेही जॅझवाला असल्याचा आव आणत नाही, उलट आवाज जितका शुद्ध तितका समोरचा पियानो मोकळा वाटतो. ज्या जागी लिहिलेल्या ओळीतच ब्लूजचे सूर आहेत तिथेसुद्धा ते सूर स्पष्ट, स्वच्छ लावा, ओढून-घसरून रंगवू नका.

बास फ्लूट महाग असते आणि सहज कोणाकडे मिळत नाही, तेव्हा व्हेर्सातील सोडून द्या, कोणी रागावणार नाही. खरं तर नुसतं बारोक अँड ब्लू वाजवणारे लोकच जास्त आहेत. बास आणि ड्रम्स नसतील तर फक्त फ्लूट आणि पियानोवरही अनेक ठिकाणी वाजवतात, पण मग पियानोवाल्याने डाव्या हाताला थोडं जास्त वजन द्यायचं कारण खालचा मजला आता त्यालाच सांभाळायचाय.

बास आणि ड्रम्स मिळाले तर मात्र आवाजाचं भांडण आधी सोडवा. फ्लूटच्या खालच्या सुरांना आवाजच नसतो, तिथे ड्रम्सवाल्याने काठ्या वाजवल्या की फ्लूट गायब. त्याला ब्रश वापरायला सांगा. पियानो ग्रँड असेल तर झाकण पूर्ण उघडू नका, अर्ध्यावर ठेवा. आमच्या एका छोट्या कार्यक्रमात हे आधी केलं नाही, हॉलमध्ये मागे बसलेल्या माझ्या बहिणीला अख्ख्या फ्युगासमध्ये फ्लूट वाजतेय हेच कळलं नाही, तिला वाटलं फ्लूटवाली ताई फ्लूट नुसती हातात धरून उभी आहे. तेव्हापासून मी रिहर्सलला एक माणूस सगळ्यात मागच्या रांगेत बसवतो आणि त्याने हात वर केला की थांबतो. तुमच्याकडे असा माणूस नसेल तर फोन रेकॉर्डिंगवर लावून मागच्या खुर्चीवर ठेवा, इर्लांदेझचा शांत भाग आणि व्हेलोसचा शेवट असे दोनच तुकडे वाजवा, आणि वाद्यं बाजूला ठेवून चौघांनी बसून ते ऐका, मग कोणी किती हळू वाजवायचं ते ठरवा. बोलिंग स्वतः 29 डिसेंबर 2020 ला नव्वदाव्या वर्षी गेला, पण त्याचं ते मूळ रेकॉर्डिंग हाताशी आहेच, अडलात की ते लावा आणि साबियानी ड्रम्सवर किती कमी वाजवतो तेवढं ऐका.